मागच्या सीटवरचं पोतं

पावसाळा उघडला की आमच्या घरचा हंगाम सुरू होतो. बाकीच्यांचं सोयाबीन निघतं, आमच्याकडं तुटलेले पाटे येतात. चार महिन्यांत रस्ते उखडलेले असतात आणि कंधार-लोहा, कंधार-मुखेड रस्त्यांवरच्या जीपा एका अंगावर कलून आमच्या दारात उभ्या राहतात. लहानपणी मला वाटायचं, खड्डे हेही एक पीक आहे आणि ते आम्ही पेरलेलं आहे.

माझे वडील भीमराव लोहा रोडवर चाळीस वर्षं पाटे बसवत होते. पाटा म्हणजे गाडीच्या बुडाखालची पोलादी कमान. एकाखाली एक पाच-सहा असतात, गाडीचं ओझं आणि रस्त्याचा मार त्या सोसतात. तुटलेला पाटा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकून त्याला पुन्हा बाक द्यायचा, पाण्यात विझवायचा. पुढं धक्के मुरवणारे शॉकअप आले, सांध्यांतले रबराचे बुश आले. बाबा तेही शिकले. या जूनमध्ये ते गेले. दुपारी जेवून भिंतीला टेकून बसले होते. आनंदराजनं, माझ्या धाकट्या भावानं, गाडीखालून हात बाहेर काढून चौदाचा पाना मागितला. पाना आला नाही म्हणून त्यानं बाहेर येऊन पाहिलं.

पंचक्रोशीत म्हणायचे, भीमाला कान आहे. गाडीत बसून पुलापर्यंत जाऊन आला की कुठलं काय गेलंय ते न उघडता सांगतो. ते खरं नव्हतं. ऐरणीनं बाबांचे कान चाळिशीतच नेले होते. त्यांना आमच्या हाका ऐकू यायच्या नाहीत, तर गाडीची कुरकुर कुठून यावी? कळायचं ते मायला. बाबा गाडी चालवायचे, माय त्यांच्या मागच्या सीटवर बसायची. मन्याड नदीच्या पुलापर्यंतचा तो तुकडा आमचा ठरलेला होता. डाव्या खांद्यावर एक बोट म्हणजे पुढचं डावं चाक, दोन बोटं म्हणजे मागचं डावं. उजव्या खांद्यालाही तसंच. दुरुस्ती झाली की पुन्हा एक फेरी, आणि सगळं बरोबर असलं की माय त्यांच्या खांद्यावर सबंध तळहात टेकवायची. तळहात पडला की गाडी मालकाच्या ताब्यात.

गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. "भीमा, बायकूला फिरवायला मपलीच गाडी घावली का रं?" असं म्हणायचे. बाबा हसायचे आणि मायसाठी मागचं दार उघडायचे. त्याचीही थट्टा व्हायची. साहेबाच्या बायकूला सुदिक कोन्ही आसं दार उघडून देत न्हाई, म्हणायचे. एकदा तरी दुसऱ्यानं उघडावं, पण नाही. आधी स्वतः दारात वाकणार, मग बाजूला होऊन मायला वाट देणार.

बाबा गेल्यावर आनंदराजनं मायला गाडीत बसवणं सोडलं. पोरं हसतात, म्हणाला. तो काम चांगलं करायचा, पण अंदाजानं. गिऱ्हाईक तुटत होतं. मी लातूरला कॉलेजात शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तेव्हा दुकानासमोर एकच ट्रक जॅकवर उभा होता आणि माय दारात बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या ऐकत होती. ती नुसती बसलेली नव्हती. मधूनच पुटपुटायची, "ह्याचा मागचा बुश गेला. जाऊ द्या बापा, हिंडा."

मंगळवारी सकाळी धानोरवाडीचे सटवाजीराव आले. पंचवीस एकर जमीन, हळद, ऊस. त्यांची पांढरी जीप बाबांच्या हातची, म्हणजे खालून. बाबा त्यांना मालक म्हणायचे.

"आनंद्या, हे वाच बरं," त्यांनी कागद पुढं केला. "नांदेडच्या मोठ्या वर्कशॉपातला हाय."

आनंदराजनं हात पुसले आणि मोठ्यानं वाचलं. पुढचे दोन्ही आर्म, बॉल जॉइंट, चारी शॉकअप, मागच्या पाट्यांची जोडी, अलाइनमेंट. त्रेचाळीस हजार आठशे.

"मी त्यायला म्हणलं, समदंच गेलं आसतं तर मी इथवर आलो कसा? ते पोरगं म्हणलं, काका, कम्प्युटर म्हणून राहिला."

"आवाज कव्हा येतो, काका?"

"खड्ड्यात येतो, ब्रेकरवर येतो. ठक् करतंय. सीटापस्तोर येतंय." सटवाजीरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "घरवालीला, साखरीला, शुक्रवारी सोडणार हायेत. लातूरला मणक्याचं ऑपरेशन केलं तिचं. डॉक्टर म्हणला, घरला न्या, पन दचका नको. दचका बसला तर पुन्हा टेबलावर."

"अँब्युलन्स करा की."

"जाताना केलतीच की! चाकूरपस्तोर नुसती वरडत व्हती. त्या गाडीचे पाटे म्हंजी नुस्तं लोखंड. ती म्हणती, आपल्या गाडीत आणा, न्हाई तर इथंच ऱ्हाते." ते थांबले. "भीमा आसता तं..."

"मी बसते," माय आतून म्हणाली.

सटवाजीरावांनी तिच्याकडं पाहिलं. "तुमी बसून काय करनार, सुमनबाई?"

"ते मला बसवीत व्हते."

"त्यो फिरवायला न्यायचा तुमाला."

"हाव," माय म्हणाली. "फिरवायलाच."

ती आत गेली आणि धुतलेलं लुगडं नेसून आली. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसायचं तर ती नेहमीच लुगडं बदलायची. आनंदराज कानापर्यंत लाल झाला होता, तरी किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सटवाजीराव आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. बाबा असताना ते आमच्या बाकड्यावर चहा पीत थांबायचे. आता भरवसा नव्हता.

"बसा, मागं पोतं हाय टाकलेलं," ते मान न वळवता म्हणाले. "सीटाला ऑइल-बिइल लागतंय."

पोत्याची चौपदरी घडी होती, आत वाकळेचा तुकडा शिवलेला. मायच्या शेजारी मी बसले, तेव्हा सीटच्या फटीत मला खताचे दाणे दिसले. परवाच गोण्या याच सीटवरून गेल्या असाव्यात, तेव्हा पोतं टाकलेलं नव्हतं.

पुलापर्यंत गेलो आणि आलो. मायचे डोळे मिटलेले होते. परतताना तिनं आनंदराजच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, मग डाव्या खांद्यावर दोन.

"मागचे दोन्ही शॉकअप," ती उतरल्यावर म्हणाली. "खड्डा गेल्यावर गाडी एकदा हेलकावून थांबाय पाहिजे. ही दोनदा हेलकावती."

आनंदराजनं गाडीचं मागचं अंग दोन्ही हातांनी दाबून सोडलं. पुन्हा दाबलं. "माय, मला तर बराबर वाटून राहिलं."

"बसव म्हणलं ना."

त्यानं बसवले. बुधवारी दुपारी नवी जोडी लागली, मजुरीसकट बेचाळीसशे झाले. बाबांचा नियम होता की जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे काय गेलं होतं ते त्याला दिसतं. आनंदराजनं जुने शॉकअप तारेनं बांधून सटवाजीरावांच्या डिकीत ठेवले. नंतरची फेरी मात्र झालीच नाही. ट्रकवाला ओरडत होता, सटवाजीरावांना बाजार समितीत जायचं होतं. "गाडी हलकी वाटून राहिली," म्हणत ते गेले.

गुरुवारी सकाळी सात वाजता जीप पुन्हा दारात होती.

सटवाजीराव उतरले नाहीत. इंजिन चालू ठेवून त्यांनी काच खाली केली. "ठोका जिथल्या तिथं हाय, आनंद्या. तसूभर हलला न्हाई. भीमा गेला, त्याच्यासंग कान बी गेला. तुमचा काय दोष? जातो आता नांदेडला. एका दिवसात करून देतो म्हणला त्यो."

आसपास सकाळची माणसं होती. हॉटेलवाला होता, दूधवाला होता, लोह्याच्या बसला थांबलेले आठ-दहा जण होते. त्यांच्यातला एक हसला. आनंदराज हातातला पाना उगाच पुसत राहिला. मला कळत होतं की ही जीप नांदेडला गेली तर धानोरवाडीचे सगळे गाडीवाले तिच्यामागं जाणार, आणि माय पुन्हा कधी कुणाच्या मागच्या सीटवर बसणार नाही.

"इंजिन बंद करा," माय म्हणाली.

"आता कशाला..."

"जुने शॉकअप कुठं हायेत? काढा."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांनी इंजिन बंद केलं. मायनं तारेचा वेढा सोडवून एक शॉकअप जमिनीवर उभा धरला आणि सगळा भार देऊन दांडा दाबला. दांडा जड-जड खाली गेला. मग वर ओढला. ओढतानाही तितकाच जोर लागत होता. दुसराही तसाच. मेलेला शॉकअप सायकलच्या फुटक्या पंपासारखा ढिला चालतो.

"हे जित्ते हायेत," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "म्या जित्त्याला मेलं म्हणलं. चूक मपली हाय, आनंदची न्हाई. त्यानं सांगितलतं मला."

एवढ्या लोकांत माणूस इतकं सरळ चूक कबूल करतो तेव्हा हसणाऱ्यांची पंचाईत होते. कुणी हसलं नाही.

माय गाडीभोवती फिरून मागच्या दाराशी आली. दार उघडून आत वाकली आणि सीटवरच्या पोत्यावर तळवा दाबला, सोडला. पोतं दबलं आणि उसळलं. तिनं पुन्हा दाबलं.

"हे पोतं नवं हाय का, सटवाजीराव?"

"न्हाई. पहिल्यापासूनचं हाय."

"ते व्हते तव्हा?"

"तव्हा बी हेच."

"मग मला कसं कधी लागलं न्हाई?" ती स्वतःशीच म्हणाली. "मी तर नुस्त्या सीटावर बसायची."

आणि मला आठवलं. इतकी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते उलटं वाचलं होतं.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत आले होते. दुकानासमोर हीच जीप होती, किंवा हिच्या आधीची असेल, पांढरीच. सटवाजीराव बाकड्यावर चहा पीत होते. माय लुगडं बदलून यायच्या आत बाबांनी मागचं दार उघडलं, आत वाकले, हे पोतं उचललं आणि पुढं नेऊन ड्रायव्हरच्या सीटवर अंथरलं. मग बाजूला होऊन मायला बसायला वाट दिली, आणि स्वतः त्या पोत्यावर बसून गाडी घेऊन गेले. परत आल्यावर पोतं होतं तसं मागं ठेवलं. त्या वर्षी मी पुष्कळ वाचलं होतं, आणि जे वाचलं होतं ते सगळं मी त्या संध्याकाळी बाबांना ऐकवलं. मी म्हणाले, त्यानं ते आपल्यासाठी मागं टाकलं होतं, तुम्ही उचलून आपल्या बुडाखाली घेतलंत, आपल्या हातानं! बाबांना निम्मं ऐकू आलं असेल. ते म्हणाले, "मी ऑइलात आस्तो, बाई. मला पाहिजे ते." मी त्यानंतर तीन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

"माय," मी म्हणाले, "बाबा ते काढायचे. तुला दार उघडून द्यायच्या आधी. उचलून स्वतःच्या सीटवर टाकायचे. फेरी झाली की परत ठेवायचे."

माय माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की तिनं लुगड्याचा पदर नीट केला, जसं बाबा कुणा पाहुण्यासमोर तिचं नाव घ्यायचे तेव्हा करायची.

"म्हणून दार," ती म्हणाली.

आनंदराजलाही कळलं. तो पुढं झाला, मागच्या सीटवरचं पोतं उचललं आणि सटवाजीरावांना उतरवून ड्रायव्हरच्या सीटवर अंथरायला निघाला.

"तिथं न्हाई," माय म्हणाली.

"बाबा तर..."

"त्यांनी लई दिवस केलं. आता तिथं बी न्हाई." तिनं त्याच्या हातातलं पोतं घेतलं, गाडीला वळसा घालून सटवाजीरावांच्या खिडकीशी गेली आणि ते आत त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुमची वस्तू हाय. तुमी धरा."

"आवं, ऑइल लागतंय म्हनून..."

"लुगडं धुतलेलं हाय, सटवाजीराव. ऑइल आनंदच्या हाताला हाय, अन् त्यो सीटावर हात पुसत न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "पोत्यावर बसलं की पोत्याचं कळतं, गाडीचं कळत न्हाई. परवा पोतं हेलकावत व्हतं, म्या गाडी समजले. साखराबाईला पोत्यावर आणायचंय का गाडीत?"

हॉटेलवाल्याच्या कढईतला चुर्र आवाज ऐकू येत होता.  सटवाजीराव ड्रायव्हरच्या बाजूनं उतरले, फिरून पलीकडं गेले आणि पुढच्या डाव्या सीटवर बसले. पोतं त्यांच्या मांडीवरच होतं. खाली ठेवावं की धरावं, त्यांना समजत नसावं. दोन्ही हात त्यांनी त्याच्यावर ठेवले, लग्नात आहेर घेऊन बसतात तसे.

"चल," ते आनंदराजला म्हणाले.

आम्ही निघालो. माय नुसत्या सीटवर मांडी न घालता, पाय खाली टेकवून बसली. हात दोन्ही बाजूंना सीटवर पसरलेले. तिसऱ्या खड्ड्याला तिनं मान किंचित कलती केली. पाचव्याला डोळे मिटले. पुलाजवळ म्हणाली, "ब्रेक मार. जोरात न्हाई, नेहमीसारखा." आनंदराजनं मारला. मला काहीच कळलं नाही. मायनं त्याच्या डाव्या खांद्यावर एक बोट टेकवलं, आणि या वेळी बोट तिथंच दाबून धरलं.

"पुढचं डावं. आर्मचा बुश. मागं काही न्हाई, पाटे बी धडधाकट हायेत. खड्ड्यात चाक उतरतंय तव्हा न्हाई, वर येतंय तव्हा ठक् करतंय. जागा सोडून मागं जातंय अन् परत येतंय."

सटवाजीराव मागं वळले. "हे समदं... तुमी? भीमा न्हाई?"

"त्यांचे हात. मपलं बूड," माय म्हणाली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली.

दुकानात आल्यावर आनंदराजनं पुढचं अंग जॅकवर घेतलं, आर्मखाली, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याखाली, पहार घातली आणि जराशी उचलली. आर्म दोन बोटं सरकला आणि ठक् वाजला. बसला थांबलेल्यांतला तोच माणूस, बस सोडून, वाकून बघत होता. डाव्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती. तीही याचीच साक्ष होती, ती कुणी बघितली नव्हती. आर्म सुटला. बुशचं रबर वाळलेल्या चिखलासारखं भेगाळलं होतं. आनंदराजनं अंगठ्यानं दाबलं तर चुरा पडला. त्यानं तो तसाच सटवाजीरावांच्या तळहातावर ठेवला.

"एवढंच?"

"एवढंच, काका. उजवीकडचे बी त्याच वयाचे हायेत, ते बी बदलू. आर्म चांगला हाय, वाकला न्हाई. नुसता बुश मिळतो. नांदेडवाले आख्खा आर्म बदलतात, कारण दाबून बसवायला वेळ लागतो."

जुने बुश ठोकून काढायला दोन तास गेले. नव्याला साबणाचं पाणी लावून आनंदराजनं ते प्रेसमध्ये सरळ बसवले, दर वेळी मान वाकवून बघत. सगळं जोडून झालं आणि बोल्ट हातानं फिरवून त्यानं पाना खाली ठेवला.

"आवळ की," सटवाजीराव म्हणाले.

"गाडी चारी चाकावर उतरू द्या. लटकत्या गाडीत आवळला तर रबर पिळतं, सा महिन्यांत पुन्हा माझ्याकडं याल."

हे बाबांचं वाक्य होतं, शब्द न् शब्द. माय दारात गहू निवडत होती. तिचा हात सुपात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

हिशेबाच्या वेळी ती उठून आली. चार बुश अकराशे साठ, मजुरी पाचशे, अलाइनमेंट लोह्याला करून घ्या, चारशे घेतील. शॉकअपांचं काय, सटवाजीरावांनी विचारलं. "जुने बसवले आनंदनं परत. नवे आमच्याकडं ऱ्हातील, कुणाला तरी लागतील. हे सोळाशे साठ तुमच्या बेचाळीसशेतून वळते करा, उरलेले परत घ्या." आनंदराजचा चेहरा उतरला. बेचाळीसशे म्हणजे आमची चार दिवसांची कमाई, शिवाय वापरलेला माल. पण त्यानं उरलेले पैसे मोजून सटवाजीरावांच्या हातात दिले, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

शुक्रवारी पहाटे जीप आली ती मायला न्यायला. "तुमी संगं पाहिजेत," एवढंच सटवाजीराव म्हणाले. मागची सीट मोकळी होती. साखराबाईंसाठी डिकीत गादी होती. पोतं मी शोधलं नाही, तरी दिसलं. ते डिकीत जॅकखाली घातलेलं होतं. आनंदराज ट्रकच्या कामात अडकला होता, म्हणून मी बरोबर निघाले.

गाडी सटवाजीराव स्वतः चालवत होते. चाकूरच्या ब्रेकरवर त्यांनी अगदी वर चढताना ब्रेक दाबला. आम्ही दोघी पुढं गेलो आणि मागं आलो. ठोका आला नाही, पण दचका बसला.

"गाडी दुरुस्त झाली," माय खिडकीबाहेर बघत म्हणाली. "आता हाकणाराचं बघाय पाहिजे."

"चाळीस वर्षं चालवून राहिलो, सुमनबाई."

"हाव, बैल बी त्येच म्हणत आसतील."

सटवाजीराव चाकूर सुटेपर्यंत एकटेच हसत होते.

दवाखान्यात साखराबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. बाई वाळून गेल्या होत्या. कमरेला पट्टा, डोळ्यांत रस्त्याची भीती. डिकीतली गादी मागच्या सीटवर अंथरून चौघांनी त्यांना उचलून तिच्यावर आडवं केलं. माय आधीच आत बसली होती, ड्रायव्हरच्या मागं. साखराबाईंनी मान उचलून पाहिलं, जागा कुठं आहे ते बघितलं, आणि डोकं मायच्या मांडीवर ठेवलं. कुणी कुणाला विचारलं नाही.

सटवाजीरावांनी पुढचं दार उघडलं.

"थांबा," माय म्हणाली. "प्रिया चालवंल."

"म्याडम?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "म्याडम शिकवतेत ना कॉलेजात?"

"तिला त्यांनी शिकवलंय."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी बाबांच्या जागी बसले. सीट मोकळी होती, उन्हानं जरा तापलेली.

बाबांनी मला मन्याडच्या त्याच तुकड्यावर शिकवलं होतं, अठराव्या वर्षी. ब्रेक ब्रेकरच्या आधी, ब्रेकरवर नाही. ब्रेक दाबलेली गाडी नाक खाली घालते, मग वरचा मार तिला सोसत नाही. आधी थांबव, मग सोड, आणि सुटलेली चढू दे. खड्डा चुकवता येत नसेल तर सरळ घे, तिरकं चाक घालू नको. मी तेव्हा घाई करायचे. ते म्हणायचे, मागं कुणी बसलंय, हे पाठीला ठाऊक पाहिजे.

लातूरच्या बाहेर पडले. पहिला ब्रेकर आला. आधी ब्रेक, मग सोडला. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. मागून आवाज आला नाही. आरशात पाहिलं तर साखराबाईंनी दोन्ही मुठी मायच्या पदरात आवळल्या होत्या. चाकूरला एक मूठ सुटलेली दिसली. अहमदपूरच्या आधी रस्ता खणून ठेवला होता. तीन किलोमीटर मी पहिल्या गिअरमध्ये काढले, आणि सटवाजीराव छतालगतची दांडी धरून माझ्याबरोबर प्रत्येक खड्डा मोजत राहिले.

"अहमदपूर आलं का?" साखराबाईंनी विचारलं.

"मागं ऱ्हायलं, बाई," माय म्हणाली.

"अन् ते खणलेलं?"

"ते बी गेलं."

"मला कळलंच न्हाई," साखराबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "कोन चालवून राहिलं?"

सटवाजीराव वळले. "भीमाची लेक हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "सुमनबाईची."

लोहा गेलं. धानोरवाडीच्या फाट्याला डांबर संपलं आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या सुरू झाल्या. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर चाकं धरून मी हळूहळू जात होते. एका जागी डावं चाक घसरलं, उतरलं आणि वर आलं. मी वाट पाहिली. ठक् झालं नाही. मला मायला बाबांबद्दल काही सांगायचं होतं, पण ते सांगायला मान वळवावी लागली असती, आणि रस्ता वाईट होता.

तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्यावर मागून हात पडला. मी बोटं मोजणार होते. बोटं नव्हती, सबंध तळहात होता.

मी गाडी होती त्याच वेगात ठेवली.